उसना आवाज, आपला सवाल

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक गाणं आलं आणि त्याच्या मागोमाग एक पत्र.

गाणं नांदेडच्या देगलूर नाक्याकडच्या एका मुलाचं आहे. नीटच्या तयारीसाठी तो लातूरला गेला. तिथे खोली शोधताना जे झालं ते त्याने मोबाईलवर तीन मिनिटांच्या रॅपमध्ये मांडलं आहे. फोनवर सगळं ठरतं. भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, मेस कुठे आहे तेही सांगितलं जातं. मग पलीकडून नाव विचारतात आणि खोली कालच गेलेली असते. भाषा आपली रोजची आहे. मराठी, मध्येच दखनी, परत मराठी. घरमालकाच्या बोलण्याची नक्कल तर अशी केली आहे की हसू येतं आणि लगेच हसल्याची लाज वाटते. पण याच गाण्यात तो स्वतःला 'इंडियाचा ब्लॅक' म्हणतो. आणि दोन ठिकाणी तो शब्द येतो, ज्याला अमेरिकेत नुसतं 'एन-वर्ड' म्हटलं जातं. गोऱ्या मालकांनी काळ्या गुलामांना हाक मारायला आणि मारता मारता शिवी द्यायला वापरलेला शब्द.

पत्र लातूरच्या एका मुलीचं आहे. इंग्रजी घेऊन एम.ए. करते. गाणं ग्रुपमधून फिरत तिच्यापर्यंत पोचलं, आम्ही ते लावणार आहोत हेही कळलं, आणि तिने चार पानं लिहून पाठवली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: काळ्या माणसांनी शेकडो वर्षं जे सोसलं, त्यातून त्यांचा हा आवाज घडला. आपण तो आयता उचलतो आणि आपल्या तक्रारीवर चढवतो. आपल्याला त्यांच्याबद्दल काही माहीत नसतं, माहीत करून घ्यायचंही नसतं. आपल्या घरात सून पाहायला जाताना पहिला प्रश्न रंगाचा असतो. मग आपण कोणत्या तोंडाने ब्लॅक म्हणवून घ्यायचं? आपल्याकडे नात आहे, कव्वाली आहे, शाहिरी आहे, त्यात म्हणा. हे गाणं लावू नका.

संपादक मंडळात सरळ दोन तट पडले. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री एकपर्यंत भांडण झालं, एक जण ग्रुप सोडून गेला, सकाळी परत आला. या विषयावर आपल्या पोरांमध्येही कुजबुज आहेच, म्हणून आम्ही आमचं मत इथे उघड मांडतो आहोत. गाणं लागलं पाहिजे. तो शब्द त्यातून गेला पाहिजे. आणि पत्रातला रंगाचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण त्या मुलीने बोट नेमकं जखमेवर ठेवलं आहे.

आधी रॅप आलं कुठून ते पाहू. रीलवर ते कुठूनही आल्यासारखं वाटतं.

हिप-हॉपचा जन्म सांगताना ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सांगितली जाते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी पार्टी ठेवली होती आणि तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, रेकॉर्ड वाजवत होता. त्या काळातलं ब्राँक्स कसं होतं? मधून महामार्ग काढण्यासाठी मोहल्लेच्या मोहल्ले उठवले गेले होते. विम्याचे पैसे मिळावेत म्हणून घरमालकच इमारतींना आगी लावून देत होते. बँका तिथे कर्ज देत नव्हत्या. ज्यांना दुसरीकडे कुणी घर देत नव्हतं, अशी काळी आणि पोर्तो रिकन कुटुंबं तिथे राहिली. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचं 'द मेसेज' आलं. त्यातही मोडकी इमारत, उंदीर, वसुलीची माणसं हेच आहे. म्हणजे खोली न मिळालेल्या आपल्या या पोराने रॅप निवडलं, ते त्याला माहीत नसेल, पण घर नाकारलं गेलेल्या लोकांचंच गाणं त्याने निवडलं.

काही जण म्हणतात, हर्क तर जमैकातून आलेला, पोर्तो रिकन पोरं सुरुवातीपासून होती, मग रॅप सगळ्यांचंच. हा युक्तिवाद स्वस्तातला आहे. विहिरीला दहा झरे असले तरी ती कुणाच्या शेतात आहे हे विसरायचं नसतं.

दुसरा युक्तिवाद आपल्याच पोरांचा. डीपीवर माल्कम एक्स आहे, तो १९६४ मध्ये हजला गेला, अल-हज मलिक अल-शबाझ झाला. रकीमसारख्या मोठ्या रॅपरच्या गाण्यांतून मुस्लिम ओळखीचे शब्द येतात, यासीन बे तर आपल्या मुसलमान असण्याबद्दल मोकळेपणाने बोलतो. म्हणून हिप-हॉप हे आपलंच घरचं. ऐकायला छान वाटतं. पण माल्कमला काळा म्हणून जे भोगावं लागलं ते आपल्या वाट्याला आलेलं नाही, आणि आपल्याला मुसलमान म्हणून इथे जे भोगावं लागतं त्याची वाट वेगळी आहे. कलमा एक असला म्हणून सातबारा एक होत नाही. शिवाय माल्कमच्या फोटोखाली त्याचं आत्मचरित्र वाचलेली किती पोरं आहेत, हे आम्ही एका शिबिरात हात वर करायला सांगून पाहिलं होतं. आकडा सांगत नाही.

पत्रातला मुख्य मुद्दा असा आहे की बाहेरच्या माणसाने दुसऱ्याच्या दुःखातून आलेली गोष्ट आपल्या राजकारणासाठी वापरू नये. या प्रश्नाला मराठीत दीडशे वर्षांचं एक उत्तर आहे आणि त्याचा शेवटचा पत्ता चक्क लातूर आणि नांदेड आहे.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं. विषय इथल्या शूद्रातिशूद्रांचा, पण अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांची गुलामी मोडण्यासाठी किंमत मोजली. पुस्तकाच्या नावातला शब्द कुठल्या लढ्याची आठवण देतो हे त्यांनी पहिल्याच पानावर सांगून टाकलं. (फुले आभार मानतात ते गुलामी मोडणाऱ्यांचे, भोगणाऱ्यांचे नव्हेत, हे आज वाचताना जाणवतं. पण १८७३ मध्ये पुण्यात बसून समुद्रापलीकडची उधारी लिहून ठेवणारा दुसरा कोण होता?) १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी काळ्यांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. दोघांच्या समाजांच्या स्थितीत साम्य आहे हे त्यांनी नोंदवलं आणि मग कामाचं मागितलं: अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती. डुबॉइस यांनी उत्तरही दिलं. साम्य आहे म्हणून थांबले नाहीत, कागद मागवला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि काळ्या लेखकांबद्दल इथल्या दलित तरुणांशी बोलू लागले. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. नाव उघड उघड ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं आणि आपल्या जाहीरनाम्यात तसा उल्लेखही केला. कुणी त्यांना नकलाकार म्हटलं असेल. पण नाव उसनं घेऊन त्यांनी लढाई स्वतःच्या वस्तीतली लढली, मार स्वतःच्या अंगावर खाल्ला. त्याच दशकात, १९७८ साली, नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात घरं जळली. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना जीव गमवावा लागला.

आणि लातूर? राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक मराठीत लिहिलं. (नावातला शब्द त्या काळचा. आज तो कुणी वापरू नये, आणि जुन्या पुस्तकावरून खोडूही नये.) ज्यांचं साहित्य वाचायला अमेरिकेला जावं लागत होतं किंवा महागडी इंग्रजी पुस्तकं मिळवावी लागत होती, ते लातूरसारख्या गावात बसलेल्या माणसाने मराठी वाचकाला समजावून दिलं. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू हेच वाघमारे. विष्णुपुरीला बसने जाणाऱ्या पोरांनो, तुमच्या विद्यापीठाची सुरुवात करणारा माणूस काळ्या अमेरिकेचा मराठीतला जाणकार होता. तुमच्या कानातल्या हेडफोनमध्ये आणि त्या फाटकामध्ये एवढंच अंतर आहे. ते पुस्तक ग्रंथालयात मागून पाहा.

या सगळ्यांनी घेतलंच की. फुल्यांनी घेतलं, बाबासाहेबांनी घेतलं, पँथरने तर नावच घेतलं. पण घेण्याआधी वाचलं, कुणाकडून घेतलं ते सांगितलं आणि घेतलेलं आधी स्वतःच्या घरात लावून पाहिलं. बाहेरचा की आतला हा प्रश्न त्यांनी असा सोडवला.

पत्रातली एक सूचना मात्र आम्हाला मान्य नाही: आपलं आपल्या प्रकारात म्हणा. प्रकार असे घरोघर बांधून ठेवता येत नाहीत आणि आपण तर ते म्हणूच नये. कव्वाली खानकाहातली. पण महाराष्ट्रातल्या भीमगीतांच्या गायकांनी ती उचलली, श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांनी ती वस्त्यावस्त्यांत नेली, कव्वालीचे सामने रात्ररात्र रंगले. आपल्यातल्या कुणाला ते चोरी वाटलं का? उलट कित्येक मैफलींत साथीला आपलीच माणसं होती. आणि उलट बाजूने पाहा. अमर शेख. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल. गिरणी कामगार, लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या जोडीला उभा राहिलेला, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानंच्या मैदानं हलवणारा शाहीर. पोवाडा कुणाचा असं विचारून त्याला कुणी खाली बसवलं असतं तर मराठीचं काय झालं असतं? बार्शी लातूरहून दोन-अडीच तासांवर आहे. आपल्या पोरांना ब्रुकलिनचे रॅपर पाठ आहेत, अमर शेख ऐकून माहीत नाही. ही तक्रार मात्र आम्ही त्या मुलीच्या बाजूने नोंदवतो.

आता राजकारणासाठी वापर. इथे त्या मुलीचा संशय रास्त आहे, फक्त तिने तो चुकीच्या माणसावर धरला आहे असं आम्हाला वाटतं.

रॅप वापरणारे बाहेरचे खरे कोण असतात? क्युबाचं उदाहरण घ्या. २०१४ च्या डिसेंबरमध्ये असोसिएटेड प्रेसने कागदपत्रांसह उघड केलं की अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदतसंस्थेने क्युबातल्या हिप-हॉपमध्ये गुपचूप माणसं घुसवली होती. तिथली पोरं मनापासून सरकारवर टीका करत होती. यांना ती पोरं आपल्या डावातली सोंगटी म्हणून हवी होती. आपल्यामागे कोण आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकच नव्हतं. भांडं फुटलं तेव्हा संशय आला तो त्या पोरांवर. ज्या सरकारच्या तुरुंगांत काळी पोरं लाखांनी आहेत, तेच सरकार त्यांचं गाणं दुसऱ्या देशात हत्यार म्हणून पाठवत होतं.

आपल्याकडची गोष्ट जास्त ओळखीची आहे. 'आझादी'ची घोषणा. कमला भसीन यांनी ती पाकिस्तानातल्या स्त्रियांच्या चळवळीतून उचलून इथल्या बायकांच्या मोर्चांत आणली. काश्मीरच्या रस्त्यांवरही ती आहे. २०१६ मध्ये जेएनयूतून ती देशभर गाजली, डब शर्माने तिच्यावर बीट चढवला. २०१९ च्या फेब्रुवारीत 'गली बॉय' आला. कुर्ल्याच्या नेझी आणि अंधेरीच्या डिव्हाइन यांच्या जगण्यावरून स्फुरलेला सिनेमा. त्यात 'आझादी' होतं, पण मनुवाद आणि ब्राह्मणवाद यांच्याविरुद्धचे शब्द गाळलेले. आणि निवडणुकीच्या त्या हंगामात काँग्रेस आणि भाजप दोघांनीही त्या गाण्यावर आपापले प्रचाराचे व्हिडिओ केले! एकाला त्याच्यापासून आझादी, दुसऱ्याला याच्यापासून. बाईच्या तोंडची घोषणा फिरत फिरत पक्षांच्या आयटी सेलमध्ये पोचली आणि वाटेत तिच्यातली जात तेवढी पडली.

अमेरिकेतही असाच एक प्रसंग झाला आणि त्यात तर आपल्याच वंशाचा माणूस होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेल्या विवेक रामस्वामी यांनी आयोवाच्या जत्रेत एमिनेमचं गाणं म्हटलं. एमिनेमच्या वतीने पत्र गेलं, आमची गाणी प्रचारात वापरू नका. गंमत अशी की ज्याने अडवलं तो स्वतः गोरा, म्हणजे या घरातला पाहुणाच. पण तो जन्मभर सांगत आला आहे की हे घर माझं नाही. पाहुण्याने कसं राहावं याचा तो एक नमुना आहे, बाकी त्याच्या गाण्यांबद्दल आमच्या मंडळातल्या बहिणींची मतं वेगळी आहेत आणि ती छापण्यासारखी नाहीत.

नांदेड-लातूरमध्ये निवडणूक आली की प्रचाराच्या रिक्षावर रॅप वाजतं. उमेदवाराचं नाव, वॉर्ड नंबर, चिन्ह, मध्ये दोन वेळा 'यो'. आपलीच पोरं ते हजार-दोन हजारांत करून देतात. पोट आहे, त्यांना बोल लावत नाही. पण बाहेरच्याने रॅप वापरणं हा प्रश्न खरा लागू होतो तो या रिक्षाला.

आणि ज्याच्या अंगावर बेतलं आहे, तो गातो तेव्हा काय होतं? २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने सत्तांतर आणि 'खोके' यांवर रॅप केलं. मराठी, साधं, दोन मिनिटांचं. अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, पोलीस शोधायला आले. त्याच दिवसांत मुंबईत उमेश खाडेवरही रॅपवरूनच गुन्हा झाला. विरोधी पक्षांच्या नेत्यांनी पाठराखण केली, व्हिडिओ फिरवले, ते चांगलंच. पण नेत्याला लाईक मिळतात आणि पोराला कोर्टाची तारीख मिळते. अमेरिकेत काळ्या रॅपरांच्या ओळी खटल्यांत पुरावा म्हणून वाचल्या जातात. ते इतकं वाढलं की कॅलिफोर्नियाला २०२२ मध्ये त्याला लगाम घालणारा कायदा करावा लागला. गाण्यावरून गुन्हेगार ठरवणं हे दोन्हीकडे सारखं आहे. म्हणून आम्ही म्हणतो की मराठवाड्यातल्या पोराने खऱ्या नावाने, खऱ्या प्रश्नावर रॅप केलं तर त्याला फॅशन म्हणू नका. फॅशन करणाऱ्याच्या घरी पोलीस येत नाहीत.

पण म्हणून त्याला सगळं माफ आहे असं नाही. आता त्या शब्दाकडे आणि 'इंडियाचा ब्लॅक'कडे.

आम्ही त्या मुलाशी फोनवर बोललो. तो म्हणाला, मुंबईचे-पुण्याचे मोठे रॅपर म्हणतात. काही म्हणत असतील. त्या शब्दावर काळ्या माणसांमध्येच वाद आहे, कुणी म्हणतं आम्ही तो उलटवून आपला केला, कुणी म्हणतं तो जाळून टाका. त्यांच्या घरातला वाद त्यांना करू द्या. आपल्याला कटुआ, लांड्या म्हणतात. उद्या कुणी तिसऱ्याच देशातला मुलगा बीट चांगला आहे म्हणून तेच शब्द स्वतःला लावून नाचला तर आपल्याला कसं वाटेल, एवढं विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, काढतो.

'इंडियाचा ब्लॅक' हे प्रकरण जास्त अवघड आहे. कारण इंडियात ब्लॅक आहेत. रूपकातले नव्हेत, खरे. पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकन मुलांना विचारा खोली शोधताना काय होतं. आपल्या गाण्यातला फोन त्यांना करावाच लागत नाही, दारात चेहरा दिसला की खोली गेलेली असते. २०१६ मध्ये बंगळुरूत टांझानियाच्या मुलीवर जमावाने हल्ला केला, २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये मारलं. त्या वेळी आपल्या किती स्टेटसवर माल्कम होता?

आणि मराठवाड्याला तर काळ्या माणसाची ओळख हिप-हॉपने करून द्यायची गरजच नव्हती. मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बाजारा-बाजारातून दख्खनमध्ये पोचलेला गुलाम. निजामशाही बुडताना त्यानेच परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला, मुघलांच्या फौजांना पंचवीस वर्षं झुंजवलं, १६१० मध्ये खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं. त्याने जमिनीखालून आणलेलं नहरीचं पाणी त्या शहराने शतकानुशतकं प्यायलं. १६२६ मध्ये तो गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. तो हबशी होता. आणि आज आपल्या गल्लीत 'हबशी' हा शब्द कसा वापरतात? काळ्या पोराला चिडवायला. जेवणावर तुटून पडणाऱ्याला. ज्याने शहर दिलं त्याच्या जातीचं नाव आपण शिवी करून ठेवलं, आणि ब्लॅक म्हणवून घ्यायला बीट शोधत अमेरिकेला गेलो.

बाकी घरचं सांगायचं तर आपल्या स्थळांच्या ग्रुपमध्ये 'गोरी, नाकी-डोळी नीटस' हे तिसऱ्या शब्दाला येतं. बिरादरी पाचव्या शब्दाला. मोहल्ल्यात खोली द्यायची असली की आपलेही घरमालक नाव विचारतात, आणि आडनावावरून वस्ती ओळखतात. नांदेडजवळ बोंढार हवेलीत १ जून २०२३ ला आंबेडकर जयंती काढल्याच्या रागातून एका बौद्ध तरुणाचा खून झाला. देगलूर नाक्यापासून ते गाव किती लांब आहे? आपल्या पोरांनी त्यावर एक ओळ म्हटली नाही. आम्हीही त्या वेळी निषेधाचं निवेदन काढून थांबलो, हे कबूल करायला हवं.

एक चांगलं उदाहरण सांगून ठेवतो, कारण पोरं विचारतात की मग नेमकं करायचं काय. २०१९ मध्ये मुंबईच्या स्वदेसी या गटाने आरेच्या जंगलाबद्दल 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्यात आरेच्या पाड्यावरचे प्रकाश भोईर स्वतः गातात. ज्यांचं जंगल, त्यांचाच आवाज. रॅप करणारे शहरातले आहेत हे लपवलेलं नाही, आणि माईक त्यांनी एकट्याने धरलेला नाही. याच्या उलट २०२१ मध्ये तमिळ रॅपर अरिवूचं झालं. त्याच्या भूमिहीन आजीच्या आठवणींतून लिहिलेलं 'एन्जॉय एंजामी' देशभर वाजलं, आणि नंतर मासिकाच्या मुखपृष्ठावर इतर कलाकार आले, तो नाही. गाणं घेतलं, गाणारा राहिला. ओरड झाल्यावर त्याच्यासाठी वेगळं मुखपृष्ठ निघालं.

तर आमच्या गाण्याचं असं झालं. तो शब्द दोन्ही ठिकाणांहून गेला. 'इंडियाचा ब्लॅक' ही ओळ काढावी असं आमच्यातल्या चौघांचं मत होतं, तिघांचं नव्हतं. आम्ही ते त्याच्यावर सोडलं. त्याने ती ठेवली आहे, पण पुढच्या ओळीत मलिक अंबर आणला आहे. जमलं आहे की नाही ते ऐकून ठरवा. आम्हाला अर्धवट जमल्यासारखं वाटतं. बीट त्याने यूट्यूबवरून उतरवला होता. करणाऱ्याने कमाई करायची नसेल तर फुकट वापरा, नाव द्या, एवढी साधी अट लिहिली होती आणि आपल्या गड्याने ती वाचलीच नव्हती. आता नाव दिलं आहे. गाण्याला आम्ही जाहिरात लावलेली नाही. कोणत्याही पक्षाला, नगरसेवकाला, आमदाराला ते प्रचारासाठी देणार नाही असं त्याने लिहून दिलं आहे. ते आम्ही मागितलं नव्हतं, त्याने आपणहून दिलं.

पत्र पूर्ण छापलं आहे, एकही ओळ न कापता. बदल कळवल्यावर त्या मुलीने उत्तर पाठवलं. तिचं मत बदललेलं नाही. गाणं लावायला नको होतं असं ती अजूनही म्हणते. दोन्ही या अंकात शेजारी शेजारी आहेत. जुलैच्या अंकासाठी गाणी पाठवणाऱ्यांनी सोबत बीट कुणाचा आहे ते लिहून पाठवावं, आणि गाण्यात दुसऱ्या कुणाचं दुःख आलं असेल तर त्या माणसाशी आपण कधी बोललो आहोत का, तेही दोन ओळींत कळवावं.